परतीची वाट नसलेली शर्यत : काइटबोर्डिंग आणि रायगडचा वारा

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, अलिबागच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर आत वसले आहेत. समुद्रावरच्या एका खेळाची माहिती या तालुक्यांपासून सुरू व्हावी, हे थोडे विचित्र वाटेल. परंतु उन्हाळ्यातील दुपारी अलिबागच्या किनाऱ्यावर जो वारा वाहतो, त्याचे कारण बऱ्याच अंशी याच तापलेल्या जमिनीत आहे. मार्च ते मे या काळात पायथ्याची ही पट्टी ४० अंशांच्या आसपास तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. शालेय भूगोलातील खारे वारे ते हेच. किनाऱ्यावर ते सकाळी उशिरा सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि पुढे काही वेळाने कर्जत-खालापूरपर्यंत पोचतात. तेथील रहिवाशाला ती उकाड्यावरची सुखद झुळूक वाटते. काइटबोर्डिंग करणाऱ्याचे मात्र सारे गणित या वाऱ्यावरच उभे असते.

पायाखाली फळी, कमरेला हार्नेस नावाचा पट्टा आणि त्याला २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्यांनी जोडलेला मोठा पतंग, एवढ्या साहित्यावर पाण्यावरून घसरत जाण्याचा हा खेळ. फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरून फुगविता येणाऱ्या पतंगाचे पेटंट घेतले. पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि तेथूनच पुन्हा उडविता येतो, हे त्यांच्या रचनेचे वैशिष्ट्य. या एका सोयीमुळेच खेळ प्रयोगाबाहेर पडून सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला. नव्वदच्या दशकाअखेर हवाई बेटांतील माउई येथे तो फोफावला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेयच्या समुद्रात, त्याला प्रथमच पदकांचा मान मिळाला. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टस आणि महिलांत ब्रिटनची एली अल्ड्रिज विजेते ठरले. सिंगापूरचा १७ वर्षांचा मॅक्स मेडर कांस्यपदक घेऊन गेला, ही आशियाच्या दृष्टीने अधिक बोलकी घटना.

ऑलिम्पिकमधील शर्यत बोयांभोवती फेऱ्या मारण्याची असते. किनाऱ्याच्या एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत वाऱ्याबरोबर जाण्याची शर्यत, म्हणजे ‘डाउनविंड’, हा वेगळाच प्रकार आहे. ब्राझीलच्या सिआरा राज्यात कुंबुकोहून जेरिकोआकोआराकडे अनेक दिवसांच्या अशा सफरी चालतात. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लुफिन्या याने २०१५ मध्ये लिस्बन ते मडेरा हे ८७४ किलोमीटरचे अंतर न थांबता कापले. हा अर्थात अपवाद. सर्वसाधारण स्पर्धकाला २० ते ४० किलोमीटरही पुरे होतात.

वाऱ्याबरोबर जायचे म्हणजे काहीच श्रम नाहीत, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. पतंगाला ताण मिळतो तो त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. स्वार नेमका वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याच्याच वेगाने निघाला, तर पतंगाच्या दृष्टीने वारा उरतच नाही. दोऱ्या ढिल्या पडतात आणि पतंग कोसळतो. संक्रांतीला ढील देणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते, फरक इतकाच की येथे पतंग उडविणारा स्वतःच पुढे पळत असतो. म्हणून स्वार वाऱ्याशी तिरका कोन साधून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असा नागमोडी जातो. नकाशावरचे ३० किलोमीटर प्रत्यक्षात बरेच अधिक भरतात आणि प्रत्येक वळणावर पतंग आकाशात दुसऱ्या बाजूला फिरवावा लागतो. शर्यतीचा निकाल बहुधा या वळणांवर लागतो.

दुसरा पेच पतंगाच्या आकाराचा. १२ ते २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ ते ४६ किलोमीटर, हा वारा खेळण्याजोगा मानतात. त्यासाठी वजनानुसार ७ ते १२ चौरस मीटरचा पतंग लागतो. किनाऱ्यावर फेऱ्या मारणारा वारा वाढला की परत येऊन लहान पतंग लावतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती सोय नसते. दुपारी एकच्या मंद वाऱ्यात मोठा पतंग निवडणारा माणूस साडेतीनला त्याच पतंगाच्या तावडीत सापडलेला असतो. अनुभवी स्पर्धक म्हणूनच सुरुवातीला मागे पडण्याची तयारी ठेवून लहान पतंग घेतात.

भारतात या खेळाची ठिकाणे म्हणून रामेश्वरमचा परिसर आणि गोव्यातील मोरजी, मांद्रे हे किनारे ओळखले जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लांब पल्ल्याच्या अशा शर्यतीची परंपरा रुजलेली नाही. वास्तविक निसर्गाने येथे मांडणी चांगली केली आहे. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचा किनारा साधारणपणे उत्तर-दक्षिण जातो, सरळ रेषेत २८ किलोमीटरच्या आसपास, आणि उन्हाळ्यातील दुपारचा वारा मुख्यतः वायव्येकडून येतो. तो स्वाराला दक्षिणेकडे नेतो आणि त्याच वेळी किनाऱ्याकडेही ढकलत राहतो. साहित्य बिघडले तर माणूस अरबी समुद्रात न जाता किहीम किंवा वरसोलीच्या वाळूला लागण्याची शक्यता अधिक.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. किहीम-थळच्या बाजूस भरतीत दिसेनासे होणारे खडक आहेत, रेवदंड्यासमोर चौल कडूचा खडक आहे. कोळी बांधवांच्या जाळ्यांचे बोये आणि खुंट जागोजागी असतात. त्यांत दोरी अडकली तर स्वाराचा जीव आणि नाखव्याचे जाळे दोन्ही धोक्यात येतात, त्यामुळे मार्ग ठरविताना कोळीवाड्यांशी बोलणे हा शिष्टाचाराचा भाग नसून सुरक्षेचा आहे. कुंडलिकेच्या मुखाशी ओहोटीचे पाणी वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर पडू लागले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पावसाळ्यात वारा भरपूर असला तरी समुद्र या खेळासाठी बंदच समजावा. जलक्रीडांच्या परवानगीचा विषय महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतो.

कर्जत-खालापूरच्या एखाद्या तरुणाला या खेळाची तयारी घराजवळ करता येईल काय? काही अंशी येईल. भातकापणीनंतर खाचरे मोकळी होतात आणि दोन-तीन चौरस मीटरच्या सराव पतंगावर हात बसविण्यास ती पुरेशी असतात. बांधावर पाय मुरगळण्याचा धोका आहेच, परंतु खरी धास्ती वर पाहिल्यावर कळते. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले, ते मुंबईला वीज पुरविण्यासाठी. उच्चदाबाच्या तारा या परिसरावरून जातात आणि त्यांच्या जवळपास कोणत्याही आकाराचा पतंग उडविणे हा शुद्ध अविचार ठरेल. शिवाय डोंगराला थडकलेला वारा येथे भोवरे घेत वाहतो, क्षणात जोर आणि क्षणात शून्य. मोरबे धरणाचे विस्तीर्ण पाणी मोहात पाडते, परंतु ते नवी मुंबईचे पिण्याचे पाणी आहे. फळीवर उभे राहण्याचे शिक्षण समुद्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

त्या शिक्षणात वेगाआधी सुटका शिकवतात. संकटात एका झटक्यात पतंगाचा ताण सोडून देणारी कळ डोळे मिटूनही हाताला सापडली पाहिजे. पाण्यात बसून दोऱ्या गुंडाळणे आणि फुगलेल्या पतंगाचाच तराफा करून किनारा गाठणे याचा सराव झाल्याखेरीज कोणी लांब पल्ल्याला निघू नये. शर्यतीत शिरस्त्राण, तरंगण्याचे जाकीट, दोरी कापण्याचा सुरा, शिट्टी, जलरोधक पिशवीतील फोन आणि पिण्याचे पाणी सोबत असावे. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी. आयोजकांच्या नौका असल्या, तरी विखुरलेल्या पन्नास पतंगांमागे त्या एकाच वेळी धावू शकत नाहीत.

राहिला प्रश्न वेळेचा आणि तो सर्वांत कठोर. खारा वारा दिवसाचा पाहुणा आहे. एप्रिलमध्ये सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, त्याआधीच वारा उतरू लागतो. कर्जत-खालापूरची जमीन रात्री निवली की चक्र उलटते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. दुपारी ज्याने किनाऱ्याकडे ढकलले, त्याच्या नेमके उलट. अंधारात, पडलेल्या पतंगासह, खोल पाण्याकडे वाहत जाणे ही या खेळातील सर्वांत वाईट अवस्था होय. त्यामुळे मांडव्याहून दुपारी निघालेला स्पर्धक साडेपाचपर्यंत अलिबागच्या पुढे सरकला नसेल, तर त्याने जवळच्याच वाळूवर पतंग उतरवावा, हवा काढून घडी घालावी आणि रस्त्याने येणाऱ्या गाडीची वाट पाहावी.