सोन्याचा मुलामा आणि पितळेची पकड

अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मनासारखे जमले की ऑडिओवाला हौशी माणूस पुढे कशावर खर्च करतो? भिंतीवरच्या सॉकेटवर! सोन्याचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा दिलेलं, हजारो रुपयांचं एकेक सॉकेट. मी कोड लिहिणारा माणूस, मला आधी हे निव्वळ वेड वाटलं. पण इतिहास वाचत गेलो तसं वेडामागचं इंजिनिअरिंगही दिसायला लागलं.

सुरुवात अमेरिकेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घरात वीज यायची ती मुख्यतः दिव्यासाठी. पंखा लावायचा तर बल्बच्या होल्डरमधूनच वीज घ्यायची. ब्रिजपोर्टच्या हार्वे हबल यांनी १९०४ मध्ये दोन तुकड्यांच्या प्लगचं पेटंट मिळवलं. एक तुकडा होल्डरमध्ये बसवायचा, दुसरा हवा तेव्हा ओढून काढायचा.

पुढचं वळण हॉस्पिटलचं. तिथे यंत्रं सतत हलतात, प्लगना हिसके बसतात. अर्थिंगची पिन सैल झाली तर पेशंटच्या जिवावर बेतायचं. म्हणून 'हॉस्पिटल ग्रेड' सॉकेट आलं. यूएल ही संस्था त्याची पकड आणि मजबुती कडक चाचण्यांनी तपासते, आणि पास झालेल्यावर हिरवा ठिपका असतो. ऑडिओवाल्यांनी नेमकं हेच सॉकेट उचललं, कारण त्यांच्या जाडजूड केबलचा प्लग त्यात घट्ट बसतो. मग १९८८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या फुरुटेकसारख्या कंपन्यांनी खास ऑडिओसाठीच सॉकेट बनवायला घेतलं.

खरी गंमत आतल्या पात्यांमध्ये आहे. शुद्ध तांबं उत्तम वाहक, पण मऊ. वाकलं की वाकलंच. पितळ, फॉस्फर ब्राँझ, बेरिलियम कॉपर यांच्यात स्प्रिंग असते, पण वाहकता तांब्यापेक्षा बरीच कमी. म्हणजे तडजोड आलीच. पत्र्यातून पात्या डायने कापतात, वाकवतात, मग मुलामा चढवतात. सोनं काळं पडत नाही. ऱ्होडियम कठीण असतं, झिजत नाही, पण वाहक म्हणून तांब्याहून कमीच!

दोन धातू एकमेकांना टेकतात ते प्रत्यक्षात काही सूक्ष्म बिंदूंवरच. दाब वाढला की तो स्पर्श वाढतो आणि रोध घटतो. आता साधं गणित करू. मुलाम्याने समजा एक मिलिओहम वाचला आणि दोन अँपिअर करंट असेल, तर फरक दोन मिलिव्होल्टचा. २३० व्होल्टपुढे हा फरक कानाला कळेल, हे मला पटत नाही. उलट सैल सॉकेटमध्ये अर्धा ओहम रोध आला आणि त्यावर दहा अँपिअरचा गीझर चालला, तर काडेपेटीएवढ्या जागेत ५० वॅट उष्णता! प्लास्टिक वितळायला आणखी काय हवं?

आणि हो, अमेरिकेहून येणाऱ्या मित्राला असलं सॉकेट आणायला सांगू नका. ते साधारण १२५ व्होल्टसाठी असतं आणि त्याची भोकं चपट्या पिनांची. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि गोल पिना.

त्यापेक्षा घरातला एखादा प्लग ओढून बघा. सहज निघून हातात आला किंवा कोमट लागला, तर वायरमनला बोलवा, सॉकेट बदला आणि अर्थिंगही तपासून घ्या. सोनं नसलं तरी चालेल, पकड हवी.