चित्रफितीचे स्वरूप व स्थानिक इतिहासाची साधने : वसमतच्या संदर्भात

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात दप्तरे, गॅझेटियर व मौखिक कथने यांची दखल घेतली जाते. घरगुती चित्रफितींची क्वचितच. वस्तुतः वसमतसारख्या तालुक्याच्या ठिकाणची लग्ने, सत्कार, मुक्तिसंग्रामातील वृद्धांची भाषणे यांतील आज काय दिसू शकते, हे कॅमेरा निवडणाऱ्याने कोणते स्वरूप पसंत केले यावर अवलंबून आहे.

जेव्हीसीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएसची सुस्पष्टता जेमतेम २४० रेषांची. परंतु कॅमेऱ्यातील कॅसेट थेट घरच्या व्हीसीआरमध्ये चाले. १९८५ चे व्हिडिओ-८ आटोपशीर होते, १९८९ चे हाय-८ सुमारे ४०० रेषांचे. तथापि ही फीत व्हीसीआरमध्ये बसत नसल्याने व्हीएचएसवर प्रत काढावी लागे, आणि प्रतीच्या प्रतीत चेहरे पुसट होत. १९९५ च्या डीव्ही स्वरूपाने हा दोष दूर केला. अंकीय नकलेत गुणवत्ता घटत नाही. मात्र एका तासाच्या चित्रणास संगणकात सुमारे १३ गीगाबाइट जागा लागे, आणि ती त्या काळी चैनच होती.

वसमत तालुका परभणीतून नवनिर्मित हिंगोली जिल्ह्यात गेला ते १९९९ साल. त्याच वर्षी सोनीने डिजिटल-८ आणले. त्याचे अनेक कॅमेरे जुन्या हाय-८ फितीही दाखवीत. अभ्यासकाच्या दृष्टीने हाच सर्वांत दूरदर्शी, पण अल्पायुषी पर्याय होय.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. संग्राहकाने व्हीएचएस प्रतीऐवजी मूळ फीत मागावी हे खरे. परंतु घरोघरी प्रतच जपलेली असते, आणि मूळ फितीवर छायाचित्रकाराने अनेकदा पुढचे लग्न चित्रित केलेले असते.