हुकूमनामा, कर्जवसुलीचा : कर्जदारापुढील कायदेशीर मार्ग

कर्ज थकल्यावर बँकेने, फायनान्स कंपनीने वा सावकाराने लावलेल्या पैशाच्या दाव्यात दिवाणी न्यायालय जी रक्कम देणे ठरवते, तिचा लेखी आदेश म्हणजे हुकूमनामा. बोलण्यात ‘डिक्री’. हुकूमनामा म्हणजे जप्ती नव्हे. वसुलीसाठी धनकोला वेगळी ‘दरखास्त’ दाखल करावी लागते आणि तिला १२ वर्षांची मुदत असते. नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातल्या कर्जदाराला वाचवणारे बरेचसे कायदे या दोन टप्प्यांमधल्या अंतरातच आहेत.

या कायद्यांमागे मोठा इतिहास आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या हुकूमनाम्यावर देशमुखांचा वाडा पाडायला काढला. त्यातून सावकारांवर बहिष्कार सुरू झाला, १८७५ मध्ये सुपे येथे दंगा झाला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. हदगाव तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने इथल्या कुळाला त्याचा उपयोग झाला नाही. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबाद संस्थानाच्या मुलखाला लागू झाली ती १९५१ मध्ये.

याच संहितेचे कलम ६० प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असायला हवे. शेतकऱ्याचे वा मजुराचे राहते घर, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना (मंगळसूत्र त्यातच येते), शेतीची अवजारे, आणि पोट भरण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तितकी बैलजोडी व बियाणे यांवर जप्ती येत नाही. भविष्यनिर्वाह निधी सुटतो. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांनाही हात लावता येत नाही. ‘हा हक्क मी सोडतो’ असे कर्जाच्या कागदावर आधीच लिहून घेतले असले तरी तो करार निरर्थक ठरतो. घराचे संरक्षण मिळवायचे तर उपजीविका मुख्यतः शेतीवर वा मजुरीवर असल्याचे दाखवावे लागते. घर गहाण असेल तर मात्र हा आधार मिळत नाही. शेतजमिनीला अशी सरसकट सूट नाही, ही या कलमाची मोठी उणीव आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाला राहत्या घरात शिरता येत नाही. वसुली एजंटाला तर जप्तीचा अधिकारच नाही.

एकतर्फी हुकूमनामा. कापूस वेचणीच्या दिवसांत घर सगळे रानात असते. बेलिफ येतो, कोणी भेटत नाही, समन्सची प्रत दाराला चिकटवून जातो. ती वाऱ्याने उडते. पुढे जप्तीचे वॉरंट आल्यावरच दावा झाल्याचे कळते. अशा वेळी त्याच न्यायालयात संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलेच गेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तारीख ठाऊक असूनही न गेलेल्याला बजावणीतल्या किरकोळ चुकीचा फायदा मिळत नाही.

दोन्ही बाजू ऐकून झालेल्या निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील होते. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

हातोहात दिलेले पैसे. हुकूमनाम्यानंतर न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम ३० दिवसांत न्यायालयात नोंदवून घ्यावी लागते. नोंद नसेल तर दरखास्त चालवणारे न्यायालय ती जमेस धरत नाही. चहाच्या टपरीवर, दोघा ओळखीच्यांसमोर दिलेले पैसे असेच बुडतात आणि तेच कर्ज पुन्हा फेडावे लागते. हे टाळणे सर्वस्वी कर्जदाराच्या हातात आहे.

निकालानंतर हप्ते हवे असतील तर धनकोची संमती लागते. ती मिळवण्याची चांगली जागा म्हणजे लोकअदालत. मात्र तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता मान्य करावा.

तुरुंगाची भीती घालून पैसे काढले जातात. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही. पुरुषालाही आधी कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते. ऐपत नसणे हा गुन्हा नव्हे. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

जमिनीचा लिलाव झाला तरी ६० दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील येणे आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून तो रद्द करता येतो.

पतसंस्थेचा ‘१०१ चा दाखला’ हा हुकूमनामा नव्हे. तो सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक देतो, त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते आणि त्याविरुद्धच्या पुनरीक्षण अर्जासाठी साधारणपणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते. गरीब कर्जदारासाठी ही अट फार जड आहे. फायनान्स कंपन्या लवादाचा निवाडाही आणतात. त्याला ३ महिन्यांत आव्हान द्यावे लागते. परवाना नसलेल्या सावकाराला मात्र २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार न्यायालयातून हुकूमनामा मिळू शकत नाही. अवैध सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाची माणसे यांना वकील मोफत मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा, आणि न्यायालयातून आलेला प्रत्येक कागद, पाकिटासकट, सोबत न्यावा.