पाच गिनींचा न्याय

वेस्ट इंडीजच्या आरंभीच्या क्रिकेटपटूंत लिअरी कॉन्स्टंटाइन यांचे स्थान अग्रभागी आहे. त्रिनिदाद बेटावर १९०१ साली गुलामांच्या वंशात जन्मलेला हा बालक सेंट ॲन कॅथॉलिक शाळेत शिकला. १९२८ साली लॉर्ड्‌स मैदानावर मिडलसेक्सविरुद्ध ८६ व १०३ धावा काढून आणि एका डावात ७ बळी घेऊन त्यांनी आपल्या संघाला विजय मिळवून दिला. पुढे लँकाशायरमधील नेल्सन या गिरणगावाकडून ते नऊ हंगाम खेळले. त्यांपैकी सात वेळा नेल्सन विजेते ठरले.

परंतु आम्हांस त्यांच्या आयुष्यातील निराळाच आकडा मोलाचा वाटतो. १९४३ साली लॉर्ड्‌सवरील सामन्यासाठी ते पत्नी व कन्येसह लंडनला आले. चार रात्रींसाठी खोल्या राखून ठेवलेल्या असूनही, केवळ वर्णामुळे इंपीरियल हॉटेलने त्यांना एका रात्रीपलीकडे राहू दिले नाही. वर्णभेदास मनाई करणारा कायदा तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता. उतारशाळेच्या चालकाने वाटसरूला आसरा दिलाच पाहिजे, या जुन्या नियमाच्या आधारे त्यांनी दावा लावला. १९४४ साली न्यायमूर्ती बर्केट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई अवघी पाच गिनी!

वर्णभेदाविरुद्धचा कायदा १९६५ साली आला. १९६९ साली आजीव उमरावपद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

ज्याच्या मातापित्यांना बेथलेहेमात उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्या प्रभूचे आपण अनुयायी. दाराशी आलेल्याचा वर्ण वा जात आपण पाहावी काय?