पणजोबाचा कागद

आपला पणजोबा कोण, हा प्रश्न पूर्वी सोयरीक जुळवताना निघे. आता तो दाखल्यासाठी निघतो. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला आणि मोडी वाचणाऱ्याचे मोल एकाएकी वाढले.

वतनदाराचे काम त्यातल्या त्यात सोपे. करवीर संस्थानचे मोडी दप्तर इथल्या पुरालेखागारात आहे. पण ज्याच्या आजोबाला वीतभर रान नव्हते, जो पोटासाठी शाहू मिलच्या साच्यावर उभा राहिला, त्याच्या नातवाने कुठे पाहावे? त्याला आम्ही सांगतो, आधी मूळ गाव गाठा. तहसील कचेरीत गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाचे जन्ममृत्यूचे बुक मागा. त्यात धन्याबरोबर गड्याचेही मरण लिहिलेले असते. मरणाने तेवढा तरी न्याय केला. गावात हेळवी येत असे का, तेही म्हाताऱ्यांना विचारा. बैलावर बसून येणाऱ्या या माणसाने पसाभर धान्यावर घराघरांच्या वंशावळी सांभाळल्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेतच, पण तिथवर जायला गाठीला पैसा लागे.

आयर्लंडात १९२२ च्या यादवीत डब्लिनचे दप्तर जळाले. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीची बहुतेक पुस्तके गेली. तिथले लोक मग पूर्वज शोधतात ते १८४७ ते १८६४ मधल्या जमीन-आकारणीच्या याद्यांत. कर बसवायचा म्हणून का होईना, कुळाचे नाव कोणीतरी लिहून ठेवले होते.

आपल्याकडे आग लागली नाही, वाळवी आहे. कोतवालबुकांची पाने हात लावताच तुटतात. नक्कल लवकर घ्यावी.