की-स्कॅनिंग, कळफलकाच्या फर्मवेअरमधील

मेकॅनिकल कळफलकावर कोणती कळ दाबली गेली आणि कोणती सुटली, हे त्यातल्या मायक्रोकंट्रोलरने सतत तपासत राहण्याची क्रिया. हौशी मंडळी स्वतः जोडतात त्या कळफलकांत हे काम क्यूएमके, झेडएमके किंवा केएमके यांसारखे मुक्तस्रोत फर्मवेअर करते. स्कॅनिंगचा कोड शंभर-दीडशे ओळींत मावतो, पण बिघाडांचा मोठा वाटा याच ओळींतून निघतो. त्यामुळे तो सोपा ठेवणे हा फर्मवेअर लिहिण्यातला कळीचा भाग आहे.

टाइपरायटरमध्ये कोणती कळ दाबली हे तपासत राहण्याचा प्रश्न नव्हता. गोदरेजने १९५५ पासून बनवलेल्या यंत्रांत प्रत्येक कळीला स्वतःचा दांडा होता. इलेक्ट्रॉनिक कळफलकात प्रत्येक कळीला स्वतंत्र तार द्यायची तर १०४ कळांसाठी १०४ पिना लागतील. हौशी कळफलकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एटीमेगा ३२यू४ या चिपवर अशा पिना २६ आहेत. म्हणून कळा ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यात बसवतात. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. ८ ओळी आणि १३ स्तंभ घेतले की २१ तारांत १०४ कळा वाचता येतात.

सुरतेत ही रचना समजवायला फार शब्द लागत नाहीत. उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरे यंत्रमागावर पोसली आहेत. तिथे ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच नक्षीचा निर्णय होतो. मॅट्रिक्समध्ये ओळ आणि स्तंभ जिथे छेदतात, तिथे एक कळ असते. लियोंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागाला जोडलेली यंत्रणा छिद्रांचा एक पत्ता एका वेळी वाचते आणि त्यावरून बाण्याच्या एका फेरीसाठी ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरवते. एका वेळी एक ओळ, आणि त्या ओळीतले सगळे ‘आहे-नाही’ एकदम, हीच पद्धत कळफलक वाचताना कामी येते.

वाचनाचा क्रम असा. स्तंभांच्या पिना आतल्या रोधकाने वरच्या विद्युतदाबावर धरलेल्या असतात. फर्मवेअर एक ओळ शून्यावर खेचते, क्षणभर थांबते आणि स्तंभ वाचते. जिथे कळ दाबलेली आहे तिथे शून्य मिळते. मग ती ओळ सोडून पुढची घ्यायची. एका आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, तर प्रवाह उलट वाटेने फिरतो आणि चौथी न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. हीच भुताटकी. यावर उपाय म्हणून प्रत्येक कळीमागे १एन४१४८ सारखा एक डायोड लावतात. हे दुखणे तारांतच मिटवलेले बरे. डायोड वाचवून भुताटकी ओळखणारा कोड लिहिणे म्हणजे गुंता एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवणे.

नवशिक्याच्या कोडमध्ये बहुधा एकच मोठे लूप असते. त्यातच पिन वाचणे, कळीच्या संपर्काची थरथर गाळणे, लेयर (कळांच्या अर्थांचा संच) बदलणे आणि यूएसबीवर अक्षर पाठवणे अशी सगळी कामे कोंबलेली असतात. ती तीन टप्प्यांत वेगळी केली की कोड सुटसुटीत होतो. पहिला टप्पा फक्त छायाचित्र घेतो: प्रत्येक ओळीसाठी एक पूर्णांक, प्रत्येक कळीसाठी एक बिट. दुसरा टप्पा थरथर गाळतो. तिसरा टप्पा आधीचे आणि आताचे चित्र एक्सऑर करून बदललेल्या बिटांच्या घटना बनवतो. कोणत्या जागी कोणता अर्थ आहे, हे इथपर्यंत कोणालाच माहीत नसते. ते फक्त की-मॅपला ठाऊक असते. पिनांची नावेही कोडात न पेरता एका तक्त्यात ठेवतात. क्यूएमकेमध्ये पिना जेसन फाइलमध्ये नोंदवल्या की साध्या मॅट्रिक्ससाठी स्कॅनिंगचा कोड लिहावाच लागत नाही. शिफ्ट रजिस्टरसारखी वेगळी मांडणी असेल, तर ‘लाइट’ नावाचा पर्याय निवडून सुरुवात आणि वाचन एवढी दोनच फंक्शने लिहावी लागतात, थरथर गाळण्याचे काम मूळ फर्मवेअरकडेच राहते. स्वतःचा संपूर्ण स्कॅनर लिहायला बसण्याआधी हा पर्याय जरूर पाहावा.

सोपे करण्याच्या नादात लोक बऱ्याचदा चुकीची ओळ खोडतात. ओळ निवडल्यावर क्यूएमके क्षणभर थांबते. ओळ सोडल्यावरही स्तंभ पुन्हा वर यायला थोडा अवधी लागतो, म्हणून तिथे ते मुळात ३० मायक्रोसेकंद थांबते. ही थांबण्याची वाक्ये निरुपयोगी वाटतात. ती काढली तर पुढच्या ओळीतली त्याच स्तंभातली कळ आपोआप दाबल्यासारखी वाचली जाऊ शकते, आणि दोष शोधणारा सोल्डरिंग तपासत बसतो.

थरथर, म्हणजे बाउन्स, हा खरा नाजूक भाग. धातूचे दोन तुकडे भिडताना काही क्षण जोडले-तुटले होत राहतात. चेरी एमएक्स स्विचसाठी ही मुदत ५ मिलिसेकंदांपर्यंत दिलेली आहे आणि क्यूएमकेची मूळ मर्यादाही ५ मिलिसेकंदच आहे. सगळ्या कळफलकाला मिळून एकच घड्याळ ठेवणे ही सर्वांत आखूड कोडची पद्धत, आणि क्यूएमकेमध्ये मुळात तीच निवडलेली असते. कोणतीही कळ हलली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. सगळे स्थिर झाले की चित्र पुढे जाते.

मराठी टंकलेखनात या आखूडपणाची किंमत मोजावी लागू शकते. इनस्क्रिप्ट मांडणी १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुढे आणली आणि आयएस १३१९४:१९९१ या मानकात ती आहे. तिच्यात व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला, स्वर आणि हलन्त डाव्या हाताला येतात. ‘प्र’ लिहिताना एच, डी, जे या जागा त्याच क्रमाने दाबायच्या असतात: प, हलन्त, र. हात आळीपाळीने चालत असल्याने वेगवान टंकलेखकाच्या दोन कळा क्वचित काही मिलिसेकंदांच्या अंतराने पडतात. एकच घड्याळ असेल तर दोन्ही कळा एकाच चित्रात पुढे जातात आणि मग क्रम ठरतो तो स्तंभाच्या आकड्याने. स्तंभ डावीकडून मोजलेले असतील तर डी आधी पोचते, हलन्त प च्या पुढे जाऊन बसतो आणि जोडाक्षर फुटते. इंग्रजीत अक्षरांची अदलाबदल झाली तर शब्दाचे स्पेलिंग चुकते. इथे जोडाक्षराची बांधणीच मोडते. म्हणून देवनागरीसाठी प्रत्येक कळीला वेगळा मोजक देणारी पद्धत निवडावी. कळीला एक बाइट धरला तरी १०४ बाइट लागतात आणि ३२यू४ मध्ये अडीच किलोबाइट रॅम आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ कळांच्या कळफलकात इंटेल ८०४८ होता, त्याच्या ६४ बाइटांत ही चैन शक्य नव्हती. बिटांचे उभे मोजक लावून आठ कळा एकदम गाळण्याची युक्ती त्याहूनही आटोपशीर आहे, पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला ती उलगडायला वेळ लागतो. जागा असताना साधा मोजकच बरा.

बिनतारी कळफलकांत सतत स्कॅन करणे बॅटरीला परवडत नाही. झेडएमके तिथे एकही कळ दाबलेली नसताना सगळ्या ओळी एकदम सक्रिय ठेवून इंटरप्टची वाट पाहते आणि कळ पडली की ओळीओळीने वाचू लागते.