आगीचे शिक्षण, घंटीची उमेदवारी

पांढुर्णा-सौंसरची मंडळी औषधपाण्याला, खरेदीला आणि शिक्षणाला पिढ्यान्‌पिढ्या नागपूर गाठत आली. आग विझवण्याची देशातली मोठी शाळाही तिथेच, शंभरेक किलोमीटरवर.

तिची पूर्वपीठिका मात्र मुंबईची. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले. पोटात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र! पाणी मारत उभे असलेले अग्निशामक दलाचे 66 जवान त्यात गेले. तोच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे 1956 मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय रामपूरला सुरू झाले आणि 1957 मध्ये नागपुरात आले. देशभरातले अधिकारी इथे घडले. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही मिळू लागली.

इशारा देणारी यंत्रणा बसवणाऱ्या कारागिराचा इतिहास इतका ठसठशीत नाही. तो बहुधा आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन. पुढचे धडे ठेकेदाराच्या हाताखाली. भारतीय मानक 2189 मध्ये यंत्रणेची निवड, उभारणी आणि देखभाल यांचे नियम आहेत. धूरशोधक पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात बसवला, तर धूर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दिवा लुकलुकतो, मालक निर्धास्त!

जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. अशा कक्षात घंटी बसवणाऱ्याचे शिक्षण ठेकेदाराच्या मर्जीवर सोडणे परवडणारे नाही. आयटीआयमध्ये त्याचा वेगळा, सक्तीचा अभ्यासक्रम हवा.